जिंदगीभराचं तेल

मन्मथअप्पांच्या घरी कुठलीही नवी वस्तू आली की आधी खोलली जाते. मिक्सर आला, बुडाचे स्क्रू निघाले. घड्याळ आलं, पाठ निघाली. एकदा तर त्यांनी नव्या गादीची शिवण उसवून कापूस तपासला होता. वस्तू बिघडलेली असावी अशी अट नाही. "आत काय हाय ते कळाया नको का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

लातुरात क्लासेसच्या भागात त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला इथे येतात, खोल्या घेतात आणि संसाराचं सामान अप्पांकडून नेतात. मी अशाच एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो आणि अप्पांच्या शेजारी राहतो. म्हणून गाडीच्या प्रकरणात ओढला गेलो.

गाडी सेकंडहँड, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं की गिअरबॉक्स सीलबंद आहे, आतलं तेल जिंदगीभर बदलावं लागत नाही. अप्पांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि विचारलं, "जिंदगीभर म्हणजे कुणाच्या, सर? गाडीच्या का माझ्या?"

पुढे हा प्रश्न त्यांनी ब्लडप्रेशर तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारला. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला विचारला. एका घरी म्हातारे वडील वारले म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. मग अप्पा मुलाकडे सरकून हळूच म्हणाले, "तुमची बी ऑटोमॅटिकच हाय ना? तेल बदललं का?"

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, सील आहे, हात लावू नका. गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, "चालती गाडी हाय, अप्पा. जुनं तेल काढल्यावर गिअर घसरले तर माझं नाव नका घेऊ." आणखी कुणी सांगितलं की नाही बदललं तर एक दिवस गाडी जागेवर बसणार. अप्पा सकाळी एका बाजूचे असत, संध्याकाळी दुसऱ्या. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू खोलायला ते भीत होते, आणि मला त्याची मजा वाटत होती.

त्यातून अप्पांना गाडी चालवता येत नाही. चालवतात महानंदावहिनी. अप्पा शेजारी वाकून गिअरचा आवाज ऐकत बसतात. "अहो, सरळ बसा," असं वहिनींना दर वळणावर सांगावं लागतं.

शेवटी नांदेडला फक्त ऑटोमॅटिक गाड्यांचं काम करणारं एक गॅरेज असल्याचं कळलं. एका सुट्टीला मी गाडी काढली आणि अप्पांना घेऊन गेलो. गॅरेजचे मालक सरदारजी, बोलायला अस्सल नांदेडी.

"उगं घाबरून राहिले तुम्ही," ते म्हणाले. "सीलबंद म्हणजे तेल बघायची पट्टी दिली न्हाई, एवढंच. खाली बूच हाय."

बूच काढलं. तेल काळपट निघालं, जळका वास होता. अप्पांनी बोटावर घेऊन हुंगलं.

"गॅरंटी?"

"गॅरंटी न्हाई देत. जेवढं निघालं तेवढंच नवं टाकतो, दाबानं धूत न्हाई, त्यानंच गिअर घसरतात. बहुतेक चांगलीच चालंल."

अप्पा बाकावर जाऊन बसले. बोटावरचं तेल पुन्हा एकदा हुंगलं. मग तिथूनच म्हणाले, "टाका."

परतताना अहमदपूर मागे पडलं. गिअर पडलेले कळतही नव्हते. मी हसत म्हटलं, "अप्पा, एवढं काय मनाला लावून घेतलं? बंद पडली असती तर ओढून आणली असती."

अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "भूकंपात ही माहेरी व्हती, किल्लारीकडं," ते म्हणाले. "आदल्या दिशी मी आणायला जाणार व्हतो. दुकानात माल आला. निरोप धाडला, आजची रात ऱ्हा, उद्या येतो."

वहिनी लंगडतात हे मी रोज पाहत होतो. कारण कधी विचारलं नव्हतं.

"डावा पाय भिंतीखाली. दगड काढंपर्यंत दुपार झाली. तवर वाट बघत पडून व्हती. माझीच. तवापासनं माहेरी जाती, पर मुक्कामाला ऱ्हात न्हाई. मी बी ऱ्हा म्हणत न्हाई. त्या पायानं क्लच दाबवत न्हाई म्हणून ही गाडी घेतली. तिला कुटं जायचं तर माझी वाट बघाया नको. आता गाडीच मधी रस्त्यात बसली तर?"

चाकूरला आम्ही चहाला थांबलो, पण तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या रविवारी वहिनी एकट्याच माहेरी गेल्या. मी दुकानात जाऊन बसलो होतो. अप्पा एकच कुकर पुसत होते. वहिनी गाडी चालवत असतील म्हणून फोन करायचा नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मग त्यांचाच फोन वाजला.

"पोचले हो," वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. "गाडी झ्याक चालली." मग जरा हळू आवाजात, "भाऊ म्हणतोय, आज ऱ्हा. ऱ्हाऊ का?"

अप्पांच्या हातातलं फडकं थांबलं.

"ऱ्हा," ते म्हणाले. "सकाळी निवांत नीघ."

फोन बंद झाला तरी त्यांनी तो कानावरून काढला नाही. क्लाससाठी आलेली एक मुलगी आणि तिचे वडील कधीचे डबा मागत उभे होते. अप्पांना ते दिसले नाहीत. शेवटी मीच उठलो आणि फळीवरचा डबा काढून दिला.