रंगाऱ्याने वॉर्ड बरा केला

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," रंगारी म्हणाला आणि विश्वास न ठेवणाऱ्यांना बसायला पायरीवर थोडा सरकला.

सकाळची वेळ होती. रंगारी स्वतःच्या घराच्या पायरीवर, बरोबर खिडकीखाली बसला होता. मांडीवर उशी होती आणि ती त्याने दोन्ही हातांनी अशी धरली होती की जणू कोणी हिसकावून नेणार आहे. समोरचा घड्याळजी दुकान उघडायच्या आधी चहा घेऊन आला. त्याच्या मागोमाग इस्त्रीवाला, कोळसे पेटेपर्यंत वेळ काढायला.

"उशी कशाला रे?" घड्याळजीने विचारलं.

"पाठीला."

"पाठ तर मागे आहे."

"तू ऐकणार आहेस की नाही? काल मी अख्खा वॉर्ड बरा केला. चार खाटा, चार पेशंट. सुई नाही, गोळी नाही. नुसता ब्रश."

"कुठला रंग?" इस्त्रीवाला म्हणाला.

"लाल."

"मग ठीक आहे," इस्त्रीवाल्याने मान डोलावली. त्याला कुठलीही गोष्ट एका प्रश्नात पटायची.

रंगारी म्हणजे पाट्या रंगवणारा. अर्ध्या बाजारपेठेच्या डोक्यावर त्याचं अक्षर होतं. मात्र एक खोड होती: अक्षर पाहताना त्याला अर्थ दिसत नसे. एकदा त्याने दंतवैद्याची पाटी बेकरीवर टांगली होती आणि बेकरीची दंतवैद्याकडे. का, तर बेकरीचा दर्शनी भाग रुंद आणि 'दंतवैद्य' हा शब्द तिथे ऐसपैस बसत होता. दोघांचाही धंदा वाढला, असं तो स्वतः सांगतो. दुसरी खोड चौकशीची. रस्त्यात खड्डा खणलेला दिसला की तो वाकून विचारायचा, किती खोल, कशासाठी आणि माती कुठे टाकणार. खणणारे कंटाळून त्याच्या हातात फावडं देत.

अशा माणसाला बायकोने काल हॉस्पिटलात पाठवलं होतं, साडूजवळ बसायला.

साडू म्हणजे निवृत्त हेडमास्तर. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी परगावाहून आले ते रंगाऱ्याच्या घरी उतरले आणि खिडकीजवळच्या खाटेवर पसरले. ती खाट रंगाऱ्याची. घरात वारा येतो तो तेवढ्या खाटेवर. हेडमास्तरांनी खाटेबरोबर घरातल्या दोन्ही उशाही घेतल्या, एक डोक्याखाली आणि एक गुडघ्याखाली. रंगारी खाली सतरंजीवर आला. तेही चाललं असतं, पण घोरणं. आधी कुकर तापावा तशी घरघर, मग एक लांबलचक शिट्टी, मग सामसूम. ऐकणाऱ्याला वाटावं संपलं, तोच पुढची. पहिल्या दिवशी शेजारीण गॅस बंद करायला धावत आली होती.

ऑपरेशन एकदा हेडमास्तरांच्या खोकल्याने पुढे गेलं. दुसऱ्यांदा केळ्याने. उपाशीपोटी राहायचं होतं, पण केळं म्हणजे खाणं थोडंच, असा त्यांचा अर्थ. खरं सांगायचं तर ते घाबरत होते, आणि घाबरलेल्या हेडमास्तरला अर्थ पटापट सुचतात. काल तिसरी खेप होती. आज सर्जन लांब रजेवर जाणार, म्हणजे काल चुकलं असतं तर साडू मुक्कामाला, आणि रंगारी सतरंजीवर.

म्हणून निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, दोनच गोष्टी लक्षात ठेवा. भावोजींच्या तोंडात काही जाता कामा नये. आणि तुमचा हात कशालाही लागता कामा नये."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर बांधून ठेवलं असतं."

तर वॉर्ड. खिडकीकडून दाराकडे अशा चार खाटा एका ओळीत. पहिल्या खाटेवर हेडमास्तर. दुसऱ्या खाटेवर एक शिंपी, इतका वाळलेला की चादर त्याच्यावर घातली आहे की नुसती अंथरली आहे हे कळत नव्हतं. तिसऱ्यावर एक वकील, कानाने बहिरे. चौथ्यावर ट्रक ड्रायव्हर, धिप्पाड, कंबर धरलेला. रंगाऱ्याने पोचल्या पोचल्या चौघांची चौकशी केली. ही नळी कुठे जाते, त्या बाटलीतलं पाणी संपलं तर काय, खाटेचा दांडा फिरवला तर डोकं वर येतं की पाय. दांडा फिरवूनही पाहिला. शिंप्याचे पाय वर आले.

"आता डोकं कुठल्या दांड्याने?" त्याने उत्सुकतेने विचारलं.

"आधी पाय खाली घ्या," शिंपी क्षीण आवाजात म्हणाला.

मग त्याची नजर पाट्यांवर गेली आणि तिथेच खिळली.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी पत्र्याची एक छोटी पाटी दोरीने अडकवलेली होती. पाळी बदलली की नव्या सिस्टरने चेहरे ओळखत बसायचं नाही, पाटी वाचायची आणि त्याप्रमाणे करायचं, अशी तिथली पद्धत. हेडमास्तरांच्या पाटीवर 'उपाशी ठेवणे'. शिंप्याच्या पाटीवर 'सारखे खाऊ घालणे'. वकिलांच्या पाटीवर 'मोठ्याने बोलणे'. ड्रायव्हरच्या पाटीवर 'उठू न देणे'. सगळं स्केचपेनने, आणि अक्षर असं की मुंगी शाईत पडून घरी गेली असावी.

"हे कोणी लिहिलं?" रंगाऱ्याने विचारलं. आवाजात दुखवटा होता.

"सिस्टर लिहितात," ड्रायव्हर म्हणाला. "वाचता येतं की."

"वाचता येणं वेगळं आणि पाहता येणं वेगळं. यातला 'ठे' पाहिलात? आजारी आहे तो. त्यालाच खाटेवर घ्यायला हवं."

बायकोचा दुसरा नियम त्याला आठवला. पण नियम हात लागण्याबद्दल होता, ब्रशबद्दल तिने काही म्हटलं नव्हतं. साडूबरोबर राहून रंगाऱ्यालाही अर्थ सुचायला लागले होते.

सकाळच्या सिस्टर निघण्याच्या गडबडीत होत्या. रंगाऱ्याने चारही पाट्या उतरवल्या, ट्रेमधल्या स्पिरिटच्या कापसाने पुसल्या, खिशातून बारीक ब्रश आणि लाल रंगाची डबी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर बसला. अक्षर वळणदार, खाली नाजूक सावली, 'सारखे खाऊ घालणे'च्या दोन्ही बाजूंना एकेक वेलबुट्टी. शिंपी मान उंचावून पाहत होता. वकिलांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं, आणि ते म्हणाले, "झकास."

त्या एका शब्दाने घात केला. कारण झकास पाटी झकास जागी लागली पाहिजे. रंगारी दारात जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटला आणि वॉर्ड असा पाहिला जशी बाजारपेठ पाहतात. वेलबुट्टीवाली पाटी खिडकीच्या उजेडात खुलेल, म्हणून ती पहिल्या खाटेला. 'मोठ्याने बोलणे' तिच्या शेजारी, सावली छान पडली होती. 'उठू न देणे' तिसऱ्या खाटेला. आणि 'उपाशी ठेवणे' हा आटोपशीर मजकूर, तो दाराशी, चौथ्या खाटेला, येणाऱ्याच्या पहिल्या नजरेला.

"म्हणजे तू पाट्या बदलल्यास?" घड्याळजीने चहाचा कप खाली ठेवला.

"मी बदलल्या नाहीत. मी मांडल्या."

मांडून झाल्यावर तो ब्रश धुवायला गेला. वाटेत ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागलेला दिसला. झालं. हा दिवा कशाने लागतो, आतून की बाहेरून, विझल्यावर हिरवा होतो की नुसता विझतो? दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला माहीत नव्हतं.

"इतकी वर्षं इथे बसता आणि विचारलं नाही कधी?"

"मला काय करायचंय?"

"मग थांबूया, बघूया," रंगारी म्हणाला आणि त्याच्या बाकावर बसला. पहारेकऱ्यालाही आता राहवेना. दोघं दिव्याकडे डोळे लावून बसले.

इकडे दुपारच्या सिस्टर आल्या, पाट्या वाचल्या आणि कामाला लागल्या.

रंगारी परतला तेव्हा आवाज जिन्यापर्यंत येत होता. सिस्टर शिंप्याच्या कानाशी वाकून "कसं वाटतंय" असं विचारत होत्या आणि प्रत्येक वेळी शिंपी गादीवरून वीतभर उडत होता. वॉर्डबॉयने वकिलांना दोन्ही खांद्यांनी दाबून धरलं होतं. वकिलांना फक्त लघवीला जायचं होतं, पण ते कायद्याच्या भाषेत सांगत असल्याने प्रकरण लांबलं होतं. ड्रायव्हरचं ताट त्याच्या नाकासमोरून परत गेलं होतं आणि तो कंबर विसरून उठून उभा राहिला होता, ताटाच्या मागे.

आणि ते ताट पहिल्या खाटेवर होतं. शिंप्याचं ताटही तिथेच होतं. दोन्ही रिकामी.

जेवण वाढणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणत होत्या, "आणखी थोडा भात देऊ का, सर?"

"साडूभाऊ," रंगाऱ्याने दारातूनच विचारलं, "तुम्ही उपाशी आहात ना?"

"होतो," हेडमास्तर मिशी पुसत म्हणाले. "पण लेखी आदेश आला. वाचा की. 'सारखे खाऊ घालणे.' सारखे, म्हणजे थांबायची मुभा नाही. अक्षर किती सुंदर आहे पाहा. असा आदेश मोडवत नाही हो."

त्यांच्या तोंडावर जे समाधान होतं ते भाताचं होतं की टळलेल्या सुरीचं, हे रंगाऱ्याला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की खिडकीजवळची खाट चालली.

त्याने धावत जाऊन पाट्या ओढायला सुरुवात केली. पाट्या मूळ जागी लावल्या तर सर्जनना तरी कळणार नाही, असा हिशोब. पण सावलीचा रंग अजून ओला होता. पहिल्या पाटीने तळवे लाल, दुसरीने मनगटं, तिसऱ्या पाटीपर्यंत गालही. सिस्टरने वळून पाहिलं तर एक म्हातारा कोपरापर्यंत लाल होऊन खाटांमधून धावतोय.

"अहो, रक्त," सिस्टर म्हणाल्या. "धरा त्यांना."

"रक्त नाही, ऑइल पेंट आहे," रंगारी म्हणाला.

"भ्रम झालाय," सिस्टर वॉर्डबॉयला म्हणाल्या. वॉर्डबॉयने वकिलांना सोडलं आणि रंगाऱ्याला धरलं. वकील त्या संधीत जाऊन आले. बघता बघता रंगारी बाहेरून ढकलत आणलेल्या पाचव्या खाटेवर आडवा होता आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत होते. तेवढ्यात बँडेज किती गुंडाळलं की पुरे समजतात, हेही त्याने विचारून घेतलं.

"पण लक्षात घ्या," रंगारी पायरीवर सरसावून म्हणाला, "शिंप्याला महिनाभर भूक नव्हती. त्या ओरडण्याने असा घाबरला की दरदरून घाम फुटला आणि म्हणाला, काहीतरी खायला द्या. ड्रायव्हर कंबर धरून झोपला होता, तो ताटामागे चालत दारापर्यंत गेला. वकिलांना वॉर्डबॉय कानात हळूच म्हणाला, जा एकदाचे, आणि त्यांना ऐकू आलं. झाला की नाही वॉर्ड बरा?"

"झाला," इस्त्रीवाला म्हणाला.

घड्याळजी असा सहजासहजी चालू होणारा नव्हता. "आणि तुझे साडू?"

रंगाऱ्याने एकदा मागे खिडकीकडे पाहिलं. आवाज उतरवला.

"सर्जन आले. पहिल्याच खाटेपाशी थांबले. विचारलं, पेशंटने काही खाल्लंय?"

"मग?"

"मग काय. मी पट्टीतले हात जोडले. सर्जनची नजर गेली पाटीवर. बघतच राहिले. म्हणाले, असं अक्षर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. या आनंदात आपण नियम जरा बाजूला ठेवू. केलं की ऑपरेशन. तसंच, भरल्या पोटी. टाका असा बारीक, शिंपीसुद्धा म्हणाला, हात सफाईदार आहे."

"भरल्या पोटी?" घड्याळजी म्हणाला.

"म्हणून तर सांगतो, कोणी विश्वास ठेवणार नाही. आज पहाटेच्या गाडीने साडूभाऊ आपल्या गावी गेले. मी स्वतः खिडकीची जागा धरून दिली. निघताना डोळ्यांत पाणी होतं."

"कोणाच्या?"

"दोघांच्या."

इस्त्रीवाल्याने नाक ओढलं. त्याला पटलं होतं आणि वाईटही वाटलं होतं. रंगाऱ्याने उशी छातीशी घट्ट धरली आणि गोष्ट संपल्यासारखे डोळे मिटले.

तेवढ्यात डोक्यावरच्या खिडकीतून घरघर ऐकू आली. ती हळूहळू चढत गेली आणि शेवटी तिची एक लांबलचक शिट्टी झाली.

"कुकर," रंगारी डोळे न उघडता म्हणाला. "बायकोने लावलाय."

घड्याळजीने एक कान खिडकीकडे केला. आयुष्यभर बारीक आवाजांवर जगलेला माणूस तो. त्याने बोट वर करून दोघांना गप्प केलं. आत सामसूम झाली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत खाट करकरली.

"रंगारी," घड्याळजी कप उचलून उठत म्हणाला, "कुकर कूस बदलत नाही."