ओके शब्दाच्या शोधाची आणि अर्ध्या मिशीची हकीकत

गणराय प्रसन्न, शारदा साह्य, आणि लिहिणाराचे डोके ठिकाणी असो. शके सोळाशे आणि वर काही, विलंबी नाम संवत्सरे, एके राज्यी वर्तमान ऐसे जाहले जे, टोपीकरांची फौज किल्ल्याखाली तळ देऊन बसली आणि त्यांचा लाल मिशांचा वकील दरबारी आला. महाराजांनी पुसिले, "उद्या फौज उठविता की नाही?" दुभाषे कोनेरपंत यांनी ते इंग्रजीत घातले. वकील आंबा चोखीत होता, तो न पाहताच बोलिला, "ओके."

आता दरवाजे उघडावे की तोफा भराव्या, हे सारे त्या चिमुकल्या शब्दावर येऊन बसले. महाराज बोलिले, "पंत, अर्थ?" पंतांनी मिशीवर हात ठेविला. त्यांची इंग्रजी बंदरावर गलबते उतरविता उतरविता जमलेली, तीत हा शब्द उतरलाच नव्हता. आणि दरबारचा रिवाज ऐसा की, 'ठाऊक नाही' म्हणेल त्याची मिशी भरसभेत उतरावी. याकारणे त्या राज्यी अज्ञानी पुरुष एकही नव्हता. पंतांची मिशी तर वडिलार्जित वळणाची. ती गेली तर घरी कोणत्या तोंडाने जावे?

इतक्यात अनंभटशास्त्री सरसावले. "यात काय अवघड? हा आपला ओंकारच. समुद्र ओलांडिला, धर्म बुडाला, अनुस्वार भिजून गळाला. अर्थ, शुभम्." मग मुदपाकाचे दारोगा बोलिले, "शास्त्रीबुवा, उगीच काय! तो टोपीकरांचा ढेकर. अर्थ, पोट भरले, पान आणा." आणि दोघे हातघाईस आले. मग महाराज गरजले, "पंत, तुम्ही बोला!" आणि न्हावी वाटी घेऊन पंतांशेजारी बसला. तेव्हा पंतांस बुद्धी सुचली. ते न्हाव्यास घेऊन वकिलाजवळ गेले आणि अदबीने इंग्रजीत पुसते जाहले, "साहेब, आपली मिशी उतरावी काय?" वकील कोय चोखीत बोलिला, "ओके."

न्हाव्याने एक हात मारिला, आणि अर्धी लाल मिशी आंब्याच्या सालीवर पडली. मग वकील जे ओरडला, त्यास दुभाष्याची गरज लागली नाही.

पंत मुजरा करून बोलिले, "महाराज, अर्थ सापडला. ओके म्हणजे होय नव्हे. बोलणे कानी आले, मनी आले नाही, इतकेच."

"म्हणजे फौज उठणार नाही?"

"हलणारही नाही, महाराज."

मग दरवाजे मिटलेलेच ठेविले, तोफा भरल्या, आणि पहाटे टोपीकर शिड्या घेऊन आले ते शिड्या टाकून पळाले. महाराज बहुत संतोष पावले आणि दिवाणांस आज्ञा केली, "पंतांस पालखी द्या."

दिवाण लवून बोलिले, "ओके."

येणेप्रमाणे किल्ला राहिला, शब्द राज्यात रुजला, आणि कोनेरपंत आमरण मिशीस पीळ देत दरबारी पायीच येत राहिले. जैसे घडले तैसे लिहिले. वाचणाराने ओके न म्हणता ऐकावे.