दातारांचं चुकलेलं नाक

सिंगापूरच्या आंग मो किओला आमच्या मजल्यावर राहणारे दातार लिफ्टमध्ये शिरले की आधी माझी पिशवी हुंगतात. "कोथिंबीर. कालची आहे," असा निकाल देतात. हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलं, तर मान वाकवून थेट ताटात नाक, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "लसूण करपलाय! माझं नाक चुकत नाही!"

हे सगळं त्यांच्या बायकोसाठी, सुमनवहिनींसाठी. एका मोठ्या तापानंतर त्यांना वास येणंच बंद झालं. नोव्हेनाच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, रोज वास देत राहा, नाव सांगत राहा. येईल परत, कदाचित नाहीही. सुगरण बाई, पण स्वयंपाकातून मन उडालं. "मला पुठ्ठा काय नि पुरणपोळी काय, सारखंच," म्हणायच्या.

गेल्या सुट्टीत आम्ही दोन्ही जोडपी दक्षिण आफ्रिकेला गेलो. केप टाउनजवळ नुकतीच नाव काढू लागलेली एक वाइनरी होती. मी आपला एकरी किती द्राक्षं निघतात ते विचारत होतो. दातार दारूला शिवत नाहीत. "प्यायची कुणाला आहे? हुंगायला आलोय," त्यांनी मालकिणीला सांगून टाकलं. तरुण बाई होती. हसली आणि प्याले भरू लागली.

पहिली पांढरी. "पेरू!" बाई खूश. दुसरी. "ओलं गोणपाट." बाईचा चेहरा पडला. तिसरी तांबडी. दातारांनी दीर्घ श्वास घेतला आणि प्याला वहिनींपुढे धरला. "चिंच. नवी चिंच."

वहिनींनी सवयीने हुंगला. मग पुन्हा हुंगला.

"अहो, चिंच कुठली? आमसूल आहे."

"चिंचच!" दातार उसळले, आणि एकदम थबकले. "अगं... परत सांग."

"आमसूल. चुकलात तुम्ही."

"चुकलो. साफ चुकलो," म्हणत दातार पाठ फिरवून द्राक्षांच्या वेलींत निघून गेले.

मालकिणीला मी सगळं समजावून सांगितलं, तिचे आभार मानले. तिने त्या तांबडीची बाटली वहिनींच्या हातात ठेवली.

सगळे वास अजून परतलेले नाहीत. पण हल्ली लिफ्टमध्ये दातार माझ्या पिशवीतल्या पुदिन्याला खुशाल मेथी म्हणतात आणि वहिनींकडे बघत राहतात. कुणाची चूक दिसली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. "पप्पा, रिलॅक्स लाह," मुलगी सिंगापुरी ढंगात सारखी म्हणते. इथे मात्र वहिनी बोलेपर्यंत मी मजल्यांचे आकडे बघत गप्प उभा असतो.