बप्पांच्या विमानाचं अस्तर

बप्पा माणसाला पहिल्या भेटीत नाव विचारत नाहीत, वजन विचारतात.

ऐन लगीनसराईत माझ्या शिलाईच्या दुकानात पाच-सहा बायका ब्लाऊजची मापं द्यायला उभ्या होत्या. धोतर-टोपीतला एक म्हातारा आत आला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "ताई, वजन किती तुमचं?" बायकांनी पदर तोंडाला लावले. माझ्या हातात कात्री होती, ती मी मुद्दाम खाली ठेवली नाही.

"राग मानू नका," बप्पा म्हणाले. "तुमाला इमानात बसावं लागंल. माप घ्यायचंय. पुढं इंजिन न्हाय, त्यामुळं मागं वजन झालं की शेपूट टेकतं."

नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे येडशीत येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. बप्पांचं विमान माहीत नसलेली गावात मी एकटीच असणार. बायकांनीच मग सगळं सांगितलं. कुठल्याशा बंद पडलेल्या विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबच्या भंगाराचा लिलाव होता. बप्पा गेले होते पाण्याची मोटर बघायला आणि उसाच्या ट्रॉलीत चार माणसांचं विमान घालून घेऊन आले. विमान बप्पांपेक्षाही वयानं मोठं. पंख वेगळे बांधून आणले होते. इंजिन नव्हतंच. त्यावर बप्पांचं म्हणणं, "तेवढीच कटकट कमी."

शेतातल्या घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडब्याशेजारी ते उभं राहिलं. नाक जड राहावं म्हणून पुढं पेंडीची पोती. आत बसायचं तर चपला बाहेर, तंबाखू बाहेर आणि कमरेला पट्टा. कुणी हसलं की बप्पा बजावायचे, "जमिनीवर असलं तरी इमान हाय ते!" सरपंचांनासुद्धा त्यांनी पट्टा लावायला लावला होता. नेमकं तेव्हाच मंडपवाल्याकडून सोल्युशननं चिकटवून घेतलेलं छताचं झालरीचं कापड पत्र्याच्या उन्हानं सुटलं आणि झालरीसकट सरपंचांवर पडलं. सरपंच बाहेर आले ते मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखे.

"तर ताई, आता शिवूनच बसवायचं," बप्पा म्हणाले आणि काखेतलं गाठोडं माझ्या मशीनवर सोडलं. छताचं मूळचं अस्तर होतं ते. धूळ, डिझेल आणि कोंबड्या यांचा एकत्र वास आला.

"विमान उडत नाही, बप्पा. मग अस्तराची एवढी घाई कशाला?" मी जरा तोडूनच विचारलं. लग्नाचे ब्लाऊज खोळंबले होते.

"आमची मंडळी आत बसंना. वरनं त्या मांडवाच्या कापडाच्या चिंध्या लोंबत्यात. डोक्याला लागल्या की वरडती, वटवाघळं म्हणून."

"मग नका बसवू काकूंना."

बप्पांचा चेहरा एकदम उतरला. "तसं जमत न्हाय ताई. बसली न्हाय तर रडती. चार दिस झालं रडतीया." मी ब्लाऊज बाजूला सारले.

अस्तर उलटं केलं तर पाठीमागे आडव्या पट्ट्या शिवलेल्या, परकराला नेफा असतो तशा. नेफ्यातून तारेच्या कमानी घालायच्या, कमानी छताला अडकवायच्या, की कापड ताणून बसतं. सोल्युशनचं कामच नाही. "कमानी कुठायत?" मी विचारलं. बप्पा टोपी मागे सारून जरा घुटमळले. कमानी त्यांनी दोडक्याच्या वेलाला दिल्या होत्या. वेलही असा झकास चढला होता की सोडवताना त्यांचा जीव खालीवर होत होता.

कापड निवडताना त्यांनी मला छळलं. पांढरं नको, कफनावानी दिसतं. निळं नको, "आभाळ भाईर हाय की." फुलाफुलांचं नको, मंडळी फुलं तोडायला बघंल. शेवटी बदामी पसंत पडलं.

मी ते अगदी अंगालगत शिवलं. हाताला सवय ब्लाऊजची! विमानात उताणी पडून कमानी चढवायला लागले, तर एका बाजूला कापड पुरेना. शिलाईत जादा कापडाची माया सोडली होती म्हणून निभावलं. उसवून पुन्हा शिवलं. बप्पा खालून सूचना करत होते, "सुरकुती दिसता कामा नये. सुरकुती दिसली की ती भिती."

काम उरकलं तेव्हा दिवस कलला होता. घरातून काकू आल्या, काखेत गठुडं, डोळे रडून सुजलेले. "सोडा मला ईटला," त्या म्हणत होत्या. "आई वाट बघत असंल. दिवा लागायच्या आत पोचायचंय."

बप्पा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ईट तिचं माहेर. दिस कलला की आठवतंय. आता कोन न्हाय तिथं. एकदा जीपनं नेली तर कुलूप बघून दारातच बसली, उठंना. दुसऱ्या खेपंला नुसतं फिरवून आणावं म्हटलं, तर निम्म्यात म्हनली, ही ईटाची वाट न्हाय. जीपमधनं वाट दिसती, ताई. इमानात कुठं वाट असती?"

त्यांनी टोपी काढली आणि भर उन्हाळ्यात लोकरीची कानटोपी चढवली. ही वैमानिकाची. काकू दारापाशी थांबल्या. त्यांनी मान वर केली. त्यांनी हात वर करून बदामी कापडावरून फिरवला, इकडून तिकडं, आणि गुमान आत बसल्या. मीही शेजारी बसले. बप्पांनी त्यांचा पट्टा लावला, माझाही तपासला आणि तोंडानं घुर्रर्र सुरू केलं. जुनाट काचा पिवळ्या पडलेल्या, बाहेर नुसता उजेड दिसत होता. काकूंचं रडणं कधी थांबलं ते कळलंही नाही.

"आलं ईट," बप्पा म्हणाले.

काकू उतरल्या, समोरच्या आपल्याच ओट्यावर चढल्या आणि वळून म्हणाल्या, "या पाव्हणं, पानी घ्या. लई नीट आणलाव."

बप्पा परक्यासारखे ओट्याच्या कडेला बसले. पाणी प्यायले.

"आमच्या मालकास्नी निरोप देताव का?" काकू विचारत होत्या. "म्हणावं, पोचले. काळजी करू नगा आन जेवा. त्यास्नी माझ्याबिगर भाकर ग्वाड लागत न्हाय."

"सांगतो की," बप्पा म्हणाले.

ते उठून शेडच्या मागे आले. कानटोपी काढून खुंटीला लावली, हौदावर तोंड धुतलं, टोपी घातली, धोतर सारखं केलं. मी मागोमाग आले होते, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. घराला लांबून वळसा घालून ते दुसऱ्या बाजूनं खाकरत आले.

काकूंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "अगं बया, तुमी! कशानं आलाव?"

"चालत."

"येवड्या लांब?"

"करमंना," बप्पा म्हणाले.

काकूंनी तांब्या उचलला आणि त्यांच्या पायांवर पाणी घालायला खाली वाकल्या.