अब्दलीकडील मातीची स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. मंडळाध्यक्ष, अखंडित-माइक-अलंकृत, राजमान्य राजश्री जगन्नाथराव साहेब यांचे हुजुरात फरवानियेकर बखरनविसाची विनंती ऐशी की, साहेबीं फर्मावले, दिवाळी अंकाकरिता अब्दली प्रांती जाहलेल्या स्वारीची साद्यंत हकीकत लिहावी आणि तीत साहेबांचा पराक्रम ठळक यावा. आज्ञा शिरसावंद्य. परंतु लिहिणारा त्या दिवशी व्हॅनच्या मागल्या बाकावर बसून होता, आणि त्याचे वाट्याची साबुदाण्याची खिचडी साहेबांनीच संपवली, सबब लिहिणारास मिंधेपण काही राहिले नाही. जे जाहले ते लिहितो. राग नसावा, असला तरी अंक छापून तयार आहे.

आधी कारण ऐकावे. दिवाळीत पोरांनी अंगणात मातीचा किल्ला करावा, त्यावर अळीव पेरावे, शिपाई मांडावे, हा आपला कुळाचार. परंतु कुवेत मुलखी अंगण नाही, आणि माती तर नाहीच नाही. जिकडे पाहावे तिकडे वाळू, आणि वाळूस इमान कसले? ओली आहे तोवर बुरूज, सुकली की फितूर. तथापि मंडळाची किल्ले-स्पर्धा दरसाल होते आणि तीत पोरांच्या नावे बापलोक लढतात, हे सर्वांस ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

फरवानियेत राजश्री देवदत्तराव म्हणोन गृहस्थ, मूळचे साताऱ्याकडील, एका इस्पितळात रक्ताच्या नळ्या तपासण्याचे कामावर मुकर्रर. त्यांनी गतसाली समुद्रकाठची वाळू आणोन दिवाणखान्यात थोर गड रचिला. गडावर पाटी कन्येची, योगिनीबाई, वय दहा, जन्म इथलाच. परंतु कन्या जवळ आली की फर्मान सुटे: हात लावायचा नाही, बिघडेल! पोर बिचारी सोफ्यावर बसोन पाहत राहिली. मग परीक्षक आले, आणि कोणा शहाण्याने पाहुण्यांस उकडेल म्हणोन एसी वाढविला, आणि त्या वाऱ्याने बालेकिल्ला सर्वांदेखत खाली बसला. परीक्षकांनी कन्येस पुसले, बाळ, गड कसा बांधलास? तेव्हा योगिनीबाई बोलली, "इट्स बाबाज फोर्ट. मला टच पण करू दिलं नाही." सारा दिवाणखाना खो खो हसला. रुमैथियाकर सलीलराव, ज्यांचा थर्माकोलचा गड पहिला आला, ते सर्वांहून अधिक हसले. कन्या आत गेली, दार लाविले, आणि आतून इतकेच सुनावले की यापुढे किल्ला नको, नेव्हर.

हा शब्द देवदत्तरावांस वर्षभर सलला. रक्ताच्या नळीवर चिठ्ठी लावताना सलला, इस्पितळाच्या बसमध्ये सलला. त्यांनी कुटुंबास, म्हणजे नेहाबाईंस, ज्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत, बोलून दाखविले की, "यंदा खरी माती आणतो, आणि पोरीचे हात त्या मातीत घालतो. नाहीतर ही उद्या मोठी होऊन कुठल्या कुठे जाईल, आणि दिवाळी म्हटली की तिला बापाचं 'हात लावू नको' एवढंच आठवेल." नेहाबाई बोलिल्या की हे पोरीस सांगा, मला काय सांगता. ते मात्र त्यांच्याने जाहले नाही. मराठी बाप मोहीम काढील, मुलूख पालथा घालील, पण पोरीजवळ दोन शब्द बोलायचे म्हटले की त्याची जीभ टाळूस चिकटते.

मग मसलत बसली. खैतानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान करणारे कासमभाई दापोलीकर, दिलदार माणूस, त्यांनी खबर दिली की उत्तरेस अब्दली प्रांती, शेतमळ्यांच्या मुलखात, एका जुन्या घराण्याचा मातीचा कोट आहे, कस्र-अल-बुस्तान नामे, आणि त्याभोवती फिरंगी तऱ्हेची आखीव बाग आहे, आणि बागेतील माती काळीभोर, जैसी काय गावाकडची. शुक्रवारी दार सर्वांस खुले असते. अब्दली हे नाव ऐकताच अध्यक्षसाहेब चपापले आणि बोलिले, त्या नावाकडे मराठ्यांनी आपणहून जाणे इष्ट नव्हे, मागला अनुभव वाईट आहे. कासमभाई म्हणाले, "साहेब, थय आता काकडी आन टमाटी होतात. कोण तुम्हांला मारतंय?" तेव्हा साहेबीं धीर धरिला आणि मोहिमेस 'कौटुंबिक सहल' हे नाव ठेविले.

शके १९४७, आश्विन वद्य चतुर्थी, शुक्रवारी, संकष्टीचा मुहूर्त पाहोन फौज कासमभाईंच्या व्हॅनमधून निघाली. साहेबांस उपवास, सबब त्यांचे दिमतीस खिचडीचा मोठा स्टीलचा डबा, बटाट्याचा कीस, वेफर्स, राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर, इतका सरंजाम होता. उपवास नसलेल्यांस सँडविच. जहरा मागे टाकोन मुतल्याची खिंड लागली. कुवेतात डोंगर म्हणोन जे काय आहे ते हेच. सह्याद्रीच्या लेकरांनी यास घाट म्हणावे की गतिरोधक, याचा निकाल लागण्याआधी तो संपला. साहेबीं त्या अवधीत गनिमी काव्यावर व्याख्यान दिले. योगिनीबाई मागे कानास यंत्र लावोन बसली होती. बापाने पुसले, बाळ, किल्ला पाहायचा ना? ती म्हणाली, "व्हॉटेव्हर." देवदत्तराव खिडकीबाहेर पाहू लागले, आणि बाहेर पाहण्याजोगे काहीच नव्हते.

कोट खरोखरच देखणा. भिंती पिवळ्या मातीच्या, जाड, वर चौकोनी बुरूज, आणि सभोवार ती बाग. झुडपे अशी कातरलेली की इस्पितळातील चादरीचे कोपरे. मधून पाण्याचे पाट, गुलाबाचे वाफे, आणि दर दहा पावलांस पाटी: मम्नू, म्हणजे मनाई. गवतावर चालण्यास मम्नू, खाण्यास मम्नू, फुलास हात लावण्यास मम्नू. साहेबीं कोटाकडे एक नजर टाकोन निकाल दिला की आपल्याकडील गडांपुढे हे काहीच नव्हे. बखरनवीस शपथेवर लिहितो की साहेब आयुष्यात एकच गड चढले आहेत, तोही मोटारीतून, आणि पिठलं-भाकरी खाऊन उतरले. परंतु परमुलखात प्रत्येक मराठी मनुष्य साडेतीनशे गडांचा मालक असतो.

मग कारस्थान ठरले ते ऐसे. खिचडीचा डबा रिकामा करोन त्यात माती भरावी. रिकामा करण्याची जोखीम साहेबीं एकट्याचे शिरावर घेतली आणि ती शर्थीने पार पाडिली. लिहिणाऱ्याचा वाटा तो हाच. नंतर देवदत्तराव फोटो काढण्याचे मिषाने गुलाबाच्या वाफ्याशी गुडघे टेकोन बसले, आणि साहेब पहाऱ्यास उभे राहिले, इशारा ठरला खोकल्याचा. हातास काळी, मऊ माती लागताच देवदत्तरावांचे डोळे भरून आले. डबा निम्मा भरला. तोच झुडपाआडून बागेचा रखवालदार प्रगट जाहला.

खोकला आला नाही. साहेब त्या समयी कारंज्याकडे तोंड करोन ऐसे उभे होते की या इसमास आपण जन्मात पाहिले नाही. इकडे देवदत्तराव डबा पोटाशी धरोन वाफ्यात उभे, आणि त्यांचे डोळ्यांपुढे एकाच क्षणात पोलीस, रद्द जाहलेला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि विमानाचे एकमार्गी तिकीट, ऐशी सर्व चित्रे येऊन गेली. डब्याचे काठास अद्याप दोन साबुदाणे चिकटलेले होते. रखवालदार ते साबुदाणे फार वेळ पाहत राहिला.

मग कासमभाई वकिलातीस धावले. त्यांनी अरबीत सांगितले की हा गृहस्थ चोर नव्हे, बाप आहे, पोरीच्या किल्ल्याकरिता माती नेतो. रखवालदार हसू लागला तो थांबेना. झुडपास धरोन हसला. नंतर त्याने कोपऱ्यातील छपराकडे बोट केले. तेथे वाफ्यांत घालण्याच्या त्याच मातीच्या गोणींची रास, की न्या हवी तेवढी! कासमभाईंनी गोणीत हात घातला, मूठ दाबली, मूठ उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "देवदत्तभाव, ही माती नाय हो. ह्यो नारलाचो भुसो. मूठ पण बांधत नाय, बुरूज काय बांधणार तुम्ही?" आणि गोणी फिरवली तो तीवर हिंदुस्थानचे नाव. म्हणजे ज्या काथ्याच्या भुशास दापोलीत कोणी विचारीत नाही, तो जहाजात बसून आला, आणि साताऱ्याचा मर्द त्यासाठी परमुलखात गुडघ्यावर आला. ऐशी शिकस्त पूर्वी लिहिली गेली नाही.

देवदत्तरावांनी डबा त्याच गोणीत रिता केला. इतक्यात नेहाबाई धावत आल्या आणि पुसले, "योगिनी कुठाय? तुमच्याकडे नाही?" कोणाकडेच नव्हती. माती मिळविण्याचे नादात, जिच्याकरिता माती, तिला कोणी पाहिलेच नव्हते. आता मात्र मोहीम, मसलत, सर्व विसरोन सगळे धावले. देवदत्तराव गवतावरून धावले, मम्नूच्या पाट्या आडव्या पडल्या, आणि त्यांचे तोंडी "योगू, योगू" याखेरीज शब्द नव्हता.

कोटाचे मागील अंगास उत्तरेचा बुरूज ढासळला होता. तेथे गवंडी मातीत पेंढा तुडवोन भिंतीस गिलावा करीत होते, आणि येणाऱ्या पोरांसही त्यात हात घालू देत होते. तशी मोठी पाटी दरवाजातच लाविली होती. परंतु आमची फौज मनाईच्या पाट्या चुकविण्यात गर्क, परवानगीची पाटी कोण वाचतो? त्या चिखलात योगिनीबाई बसली होती. हात कोपरापर्यंत माखलेले, केसांत पेंढा, कानातले यंत्र कोठे तरी गेलेले, आणि पुढ्यात वीतभर उंचीचा एक बुरूज.

देवदत्तरावांनी कन्या सुखरूप पाहिली, जीव भांड्यात पडला, आणि पडताक्षणी तोंडातून फर्मान सुटले: "हे काय केलंस? शी! हात बघ, कपडे बघ! आधी ऊठ, आधी हात धू!"

गवंडी थांबले. मग नेहाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, काय बोलताय, कळतंय का तुम्हांला?"

देवदत्तराव कळून जागीच गार जाहले. कन्येने मान वर केली नाही. ती म्हणाली, "बाबा, दोन मिनिटं थांब ना. माझा बुरूज होतोय." त्या दिवशी तिने बोललेले हे पहिले सबंध मराठी वाक्य, हे बखरनविसाने आपल्या कानांनी ऐकिले आहे.

मग साताऱ्याचे देवदत्तराव, इस्त्रीच्या पाटलोणीनिशी, त्या चिखलात बसले. घसा साफ केला. मुतल्यापासून अब्दलीपर्यंत जे धैर्य जाहले नाही ते केले आणि बोलिले, "योगू, मागच्या वर्षी माझं चुकलं गं. तुझा किल्ला मी हिसकावून घेतला." कन्येने क्षणभर पाहिले. म्हणाली, "हो, घेतलास." पुन्हा कामास लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "ओके. ती बादली धर." देवदत्तरावांनी बादली धरिली. मोठ्या गवंड्याने ती आपणहून भरून दिली, वर आणखी एक दिली, आणि तह पुरा जाहला. साहेब त्या सुमारास येऊन पोहोचले आणि त्यांनी बादलीशेजारी उभे राहोन फोटो काढविला. तोच या अंकाचे मुखपृष्ठावर आहे.

पुढे फरवानियेच्या त्याच दिवाणखान्यात गड उभा राहिला. सह्याद्रीचा म्हणावा तर नव्हे; भिंती सरळ, बुरूज चौकोनी, त्यावर अळीव हिरवागार, दारात प्लास्टिकचे मावळे आणि त्यांच्या बरोबरीने एक उंट. साहेबीं आक्षेप घेतला की मराठ्यांचे गडावर उंट कसा? गडकरीण बोलिली, "माझा गड आहे. माझ्या गडावर उंट आहे." परीक्षकांनी पुसले, कसा बांधलास? ती इतके बोलली, माती, पेंढा, पाणी, कोण आधी, कोण नंतर, की परीक्षकांचा चहा निवला. पहिला क्रमांक पुनश्च सलीलरावांच्या थर्माकोलास गेला. योगिनीबाईस उत्तेजनार्थ मिळाले.

निकालानंतर देवदत्तरावांस एक बुरूज किंचित कलला दिसला, आणि जुन्या खोडीने हात पुढे गेला. तत्क्षणी सोफ्यावरून फर्मान सुटले, शब्द न् शब्द त्यांचेच: "बाबा! हात लावायचा नाही. बिघडेल!" देवदत्तरावांनी हात मागे घेतला, पाठीशी बांधला, आणि तोंड वळवोन असे हसले की नेहाबाईंस वाटले रडतात की काय. दोन्ही खरे होते.

सबब दफ्तरी नोंद करितो की स्वारी फत्ते जाहली. गड उभा आहे, एसीच्या वाऱ्यासही दाद देत नाही. गडकरी योगिनीबाई. देवदत्तराव त्याच गडावर पाणी शिंपण्याचे कामी नेमले गेले आहेत, तेही सकाळी एकदाच, आणि विचारून.