लॅपटॉपचा लाल दिवा

मी बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुमचा विश्वास बसणार नाही.

गोष्ट यंदाची, २०११ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची. गोंदियातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला बाई हवी होती. अर्ज फक्त ऑनलाइन, मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमच्या मुर्री गावाहून जाऊन-येऊन करता येईल अशी ही पहिलीच नोकरी निघाली होती. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सकाळीच सुचवलं की सायबर कॅफेत जाऊन ये, चंचलले आम्ही पाहतो. मी हसले. दहा महिन्यांची पोर, दात येत होते, अंग कोमट. तिला सोडून जायचं? आणि घरात लॅपटॉप असताना?

"मामाजी, कॉम्प्युटर शिकवणारीच कॅफेत जाऊन अर्ज भरायला लागली, तर झालं!"

दोन वाजता लॅपटॉप उघडला. वायफायचा दिवा लाल. स्विच मागे-पुढे केला, तरी लाल. स्क्रीन म्हणे, वायरलेसचा स्विच बंद आहे. चालू होता हो! मग आठवलं. आदल्या दिवशी मामाजींनी ट्रॅक्टर, विळे आणि फवारणीच्या पंपाबरोबर लॅपटॉपचीही पूजा केली होती. स्विचच्या फटीतली हळद मी अर्धा तास काडीने कोरत बसले. आठवडाभराच्या वरणाला पुरेल एवढी निघाली. दिवा लालच.

"नारळ नाही फोडला ना त्याच्यापुढं," मामाजी म्हणाले. "रुसला असंल."

मी पुण्याला माझ्या भावाला, खुमेंद्रला, फोन लावला. तो कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. त्याचा पहिला सल्ला असा की वायफायचा नाद सोड, मोडेममधून सरळ वायर लाव, पाच मिनिटांत काम होईल. मी ठणकावून सांगितलं की तसली वायर आमच्या घरात नाही. चंचल रांगायला लागल्यापासून या घरातली प्रत्येक टाचणी, प्रत्येक बटण मला तोंडपाठ आहे. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

"मग कर्नलचं मॉड्यूल असंल, ताई," तो म्हणाला.

आमच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. माझ्या नवऱ्यानं, ओमेश्वरनं, टाकलेलं. व्हायरस लागत नाही म्हणून. कर्नल म्हणजे त्याचं काळीज, आणि मॉड्यूल म्हणजे लॅपटॉप सुरू होताना काळजाला येऊन चिकटणारे छोटे-छोटे तुकडे. त्यातला एक लॅपटॉपची खास बटणं सांभाळतो. आदल्या दिवशीच्या अपडेटनंतर त्याच्या डोक्यात बसलं होतं की स्विच बंद आहे. खरा स्विच काहीही म्हणो! घरोघरी असं एखादं माणूस असतंच.

तो तुकडा कमांड देऊन काढायचा होता. फोन खांद्यात, एक हात कीबोर्डवर, दुसऱ्या हातात पाळण्याची दोरी. दोरी थांबली की चंचल डोळे उघडते. जुनी सुती दोरी हाताला काचायची, म्हणून सासूबाईंनी महिन्यापूर्वी छान गुळगुळीत पिवळी दोरी बांधली होती, टोकांना चिंध्या गुंडाळून. तिची गाठ मी दिवसातून दहा वेळा तपासते. एका हाताने टाइप करताना आधी मी माऊसचंच मॉड्यूल काढलं. मग ते परत बसवलं. पावणेचारला दिवा निळा झाला!

अर्ज उघडला. नाव भरलं, जन्मतारीख भरली, आणि चंचल दूध ओकली. तिला घेऊन न्हाणीत धावले. परत येते तर स्क्रीन काळी. खोलीत माणूस नाही तर बटण बंद, हा मामाजींचा नियम. ते जाता-जाता बोर्डाचं बटण बंद करून गेले होते. बॅटरी म्हणाल तर ती खराब होऊ नये म्हणून मीच काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आलमारीत शालूखाली ठेवली होती.

परत सुरू केला. दिवा लाल.

खुमेंद्र म्हणाला, दर वेळी सुरू केल्यावर ते मॉड्यूल परत येणारच. त्याचं नाव ब्लॅकलिस्टमध्ये लिहावं लागतं. हे त्याने आधी का सांगितलं नाही? तर म्हणे, तुमच्याकडे मध्येच बटण बंद करतात हे मला काय माहीत! लिहिलं. परत सुरू केला. मघाशी एकदम बंद पडला म्हणून आता तो स्वतःची डिस्क तपासत बसला. बारा टक्के. तेरा टक्के. मी देवाचं नाव घेत दोरी ओढत होते. एक्केचाळीस टक्के.

दिवा निळा झाला. पान उघडलं. त्यावर एकच ओळ होती : अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे. पाच वाजून चार मिनिटं.

"काऊन व रविता, का झालं?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

मला रडू फुटलं. हात मात्र सवयीने पाळणा हलवतच होता. "एक वायर असती ना आई, तर दोन वाजताच झालं असतं. मोडेमची साधी वायर."

"त्या मोडेमच्या डब्यातली? पिवळी?"

"हो."

सासूबाई माझ्या हाताकडे पाहत राहिल्या.

"हातातच तं हाये तुह्या. दुपारपासून ओढूनच राहिली तू."

ओमेश्वर सालेकशाहून, कामावरून आला तेव्हा मी सांगितलं, मॉड्यूलमुळे अर्ज राहिला. त्यात खोटं काही नाही. चिंध्या सोडून पाहिल्या; वायरीची दोन्ही टोकं शाबूत आहेत. परत गुंडाळून ठेवल्या. हे सगळं लिहितानाही माझा डावा हात त्या वायरीवरच आहे. सोडला तर चंचल उठेल.