दिगूकाकांचा दिव्यांवर भरोसा नाही

हर्सूलच्या आमच्या कॉलनीतून कुणाची गाडी बाहेर निघाली की दिगूकाका फाटकापाशी हात आडवा करतात, खिडकीतून डोकं आत घालतात आणि म्हणतात, "बंद करून परत चावी लावा." आपण चावी फिरवतो. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतात, इंजिन चालू झालं की विझतात. काका ओठ हलवत ते मोजतात. सगळ्यांची हजेरी लागली तरच गाडी सुटते.

"लागलेल्या दिव्याचं भ्या नाय, मास्तर," ते मला सांगतात. "चावी लावल्यावर जो लागतच नाय, त्याच्यावर नजर ठेवायची. त्याचा बल्ब उडाला असंल, नायतर कुणी मुद्दाम काढला असंल."

काकांनी तीस वर्षं सरकारी जीप चालवली. स्वतःची गाडी मात्र घेतली नाही. "दुसऱ्याच्या गाडीवर शक घेता येतो. सोताच्या गाडीवर जीव बसतो, मग काय दिसत नाय."

मी शहागंजातल्या एका कापडवाल्याची जुनी कार घेतली, तेव्हा त्यांनी तासभर माझी शिकवणी घेतली. "पिवळा दिवा म्हणजे त्याला काही सांगायचंय. लाल म्हणजे सांगून झालंय, आता तुमी थांबा." इंजिनच्या उष्णतेचा काटा बरोबर मध्यावर होता, तर तेही त्यांना खटकलं. "इतका वेळ एका जागी कोण बसतं? हा काहीतरी दाबतोय."

"काका, काटा तिथंच राहायला पाहिजे. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक कुणी छापलं? कंपनीनंच ना?"

एकदा शेजारच्या जोशीबाईंनी पुढच्या सीटवर भलंमोठं कलिंगड ठेवलं. गाडीला वाटलं माणूस बसलाय, आणि पट्ट्याचा लाल दिवा लागून टूं टूं सुरू झालं. बाई कलिंगड मागं ठेवायला निघाल्या, तर काकांनी त्यांना अडवलं आणि कलिंगडालाच पट्टा बांधला. "दिव्याच्या तोंडाला लागायचं नाय, बाई. त्याला खूश ठेवायचं. शक आपल्या मनात."

परवा मी पाचोडच्या बाजाराला निघालो, तर काका न विचारता शेजारी येऊन बसले. माझ्या काट्यावर त्यांचा अजून विश्वास नव्हता. आडूळच्या पुढं एका स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खालून घासलं. मी पुढं गेलो. थोड्या वेळानं एका ट्रॅक्टरमागं वेग कमी केला, तेव्हा काका हळूच म्हणाले, "बाजूला घ्या. बंद करा."

"काय झालं?"

"तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला अन् विझला. चोरून लागला."

मला काहीच दिसलं नव्हतं. "पाचोड आता जवळच आहे. तिथं गॅरेज आहे, दाखवू."

"मास्तर, तिथवर इंजिन येणार नाय."

मी वैतागून गाडी थांबवली. खाली उतरून पाहिलं, तर मागं रस्त्यावर लांबपर्यंत काळी ओली रेघ आलेली. तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, टोकाला जेमतेम थेंबभर तेल. गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "आहे तिथंच थांबा, चालू करू नका. तासाभरात येतो."

आम्ही लिंबाच्या सावलीत बसलो. आता काका ऐकवतील, म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात त्यांचा फोन टिंग वाजला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"बारीक आकडे दिसत नाय मला. बघा बरं."

पुण्याहून त्यांच्या मुलानं फोटो पाठवला होता. त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डचा. बाकी एक अक्षर नाही. वर सरकवलं, तर दर आठवड्याला असाच एक फोटो.

"मीच सांगितलंय त्याला, पाठवत जा म्हणून," काका म्हणाले.

मी फोटो मोठा करून पाहिला. "एकही दिवा लागलेला नाही, काका. गाडी ठणठणीत आहे."

"दिवे ठीकच असतेत त्याचे. खालचा आकडा वाचा. किती किलोमीटर झाली?"

"एक्केचाळीस हजार सहाशे वीस."

त्यांचे ओठ हलले. "दिवाळीला तीस होते. म्हंजी साडेअकरा हजार चालली." मग रस्त्याकडं बघत म्हणाले, "पुणं हितून दोनशे चाळीस."

"मी बोलू का त्याच्याशी?" मी विचारलं.

"नाय, नाय." त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला, शर्टाच्या टोकानं काच पुसली आणि खिशात ठेवला. "त्याला वाटतं मी दिवेच बघतो. आकडा बघतो म्हणून कळलं, तर फोटू पाठवायचा बंद होईल."